घरट्यांच्या पेट्या आणि पाण्याची भांडी यांपलीकडचे पक्षीसंवर्धन

माळटिटवी (धागाकर्ती)

गेली काही वर्षे मी एका लहान निसर्गप्रेमी गटाबरोबर काम करते. दर उन्हाळ्यात आम्ही चिमण्यांसाठी लाकडी पेट्या वाटतो, पाण्याची भांडी वाटतो आणि पावसाळ्यात झाडे लावतो. यंदा गटातील एका सभासदाने सगळ्या जुन्या नोंदवह्या एकत्र करून वाचल्या, आणि त्यातून जे दिसले त्यामुळे हा धागा काढावासा वाटला. आमच्या पेट्यांमध्ये आणि भांड्यांवर येणारे पक्षी म्हणजे चिमणी, साळुंकी, बुलबुल आणि पारवा, म्हणजे जे माणसाच्या आसपास एरवीही तगून आहेत तेच. ज्या माळावर पूर्वीच्या नोंदींमध्ये धाविक, चंडोल आणि पखुर्डी या जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांची नावे दर हिवाळ्यात सापडतात, तेथील शेवटच्या 3 वर्षांच्या नोंदी मात्र जवळपास कोऱ्या आहेत. त्या माळावर खड्डे काढून रोपे कोणी लावली, तर आम्हीच. त्या दिवशीची छायाचित्रे आजही आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर आहेत.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितिदर्शक अहवालात 942 जातींचा आढावा घेतला आहे आणि त्यांपैकी 178 जाती संवर्धनाच्या दृष्टीने अग्रक्रमाच्या मानल्या आहेत. गवताळ आणि मोकळ्या अधिवासांतील पक्ष्यांची घट त्यात ठळकपणे दिसते. याच मालिकेतील 2020 च्या अहवालाने घरचिमणीबद्दल मात्र असे म्हटले होते, की काही महानगरांत ती कमी झाली असली तरी देशभराचा विचार करता तिची संख्या साधारण स्थिर आहे. ज्या पक्ष्यासाठी आपण सर्वाधिक श्रम घेतो त्याला आपली गरज सर्वांत कमी आहे आणि ज्याला आहे त्याच्या घरात आपण खड्डे खणतो, असा याचा अर्थ मला लागला.

माझा प्रश्न असा आहे, की मोठा निधी, अधिकार किंवा शास्त्रज्ञांची फौज हाताशी नसलेल्या स्थानिक गटाने नेमके काय केले असता रानपक्ष्यांना खरोखर उपयोग होतो? ज्यांनी असे काम पाहिले आहे किंवा केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे. कौतुकापेक्षा चुका कळल्या तर जास्त आवडेल.

कुसळी

आपण चूक मोकळेपणाने मांडलीत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. माळावर झाडे लावणे ही एकट्या आपल्या गटाची चूक नाही, ती आपल्या सगळ्यांच्या नजरेतच मुरलेली आहे. महसुली कागदांत माळ म्हणजे 'पडीक', आणि पडीक जमिनीचे काहीतरी 'भले' केलेच पाहिजे, अशी आपली समजूत. वास्तविक आपल्या कोरड्या पट्ट्यातील अनेक माळ कधीही जंगल नव्हते. कमी पाऊस, उथळ मुरमाड जमीन आणि चरणारी जनावरे यांनी मिळून तो अधिवास घडवला आणि त्यात जमिनीवर राहणारे पक्षी रुळले.

धाविक घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांसारख्याच दिसणाऱ्या रंगाची अंडी घालते. तिचे संरक्षण म्हणजे दूरवरचे दिसणे. लांबून कोल्हा किंवा कुत्रा दिसला की ती अंड्यांवरून मुकाट्याने उठते आणि चालत दूर जाते. अशा माळावर रांगेने झाडे उभी राहिली की दृष्टी अडते, कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते, आणि एखाद-दुसऱ्या हंगामात त्या जागेवर अंडी टिकेनाशी होतात. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्री जमिनीवरच, गवतात, समूहाने मुक्काम करतात. त्यांनाही झाडे नकोत, गवत हवे.

यात एक बारकावा आहे. सगळे गवत सारखे नसते. धाविकेला आणि माळटिटवीला (आपले नाव पाहून बरे वाटले) आखूड, चरलेले गवत लागते, तर तणमोराला विणीच्या काळात लपण्याइतके उंच गवत हवे असते. म्हणून 'चराई बंद' हाही उपाय नव्हे आणि 'चराई खुली' हाही नव्हे. एक तुकडा या वर्षी राखायचा, दुसरा चरू द्यायचा, पुढच्या वर्षी अदलाबदल करायची, ही गोष्ट मेंढपाळांना आपल्यापेक्षा चांगली समजते, कारण त्यांचे पोटच तिच्यावर चालते.

सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्याची कथा स्थानिक गटांनी जरूर अभ्यासावी. 1979 साली अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे 8,500 चौरस किलोमीटर होते. नकाशावर हे भव्य दिसते, पण त्यात शेते होती, गावे होती, रस्ते होते, बाजारपेठा होत्या. परिणामी बांधकाम, जमिनीचे व्यवहार, रस्ते, प्रत्येक गोष्टीला अभयारण्याची आडकाठी येऊ लागली आणि ज्या पक्ष्याला अनेकांनी आयुष्यात पाहिलेही नव्हते तो लोकांच्या रागाचे कारण बनला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोपर्यंत माळढोकही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, समोरचे नीट दिसत नसल्याने हे जड पक्षी उडताना वीजवाहिन्यांवर आदळतात, आणि ऊस व विहिरी आल्या की माळाचे शेत होते. या सगळ्याशी झुंजायला गावकऱ्यांची साथ हवी होती, आणि तीच आधी गमावली गेली होती.

काठावरचा

कुसळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून भरतपूरची आठवण करून देतो, कारण तेथे उलट्या बाजूने तोच धडा मिळाला.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे माणसांनी बांध घालून घडवलेले पाणथळ आहे, आणि आजूबाजूच्या गावांची गुरे, विशेषतः म्हशी, तेथे पिढ्यान्‌पिढ्या चरत असत. राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यावर नोव्हेंबर 1982 मध्ये चराई एकदम बंद करण्यात आली. गावकरी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली, गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचा जीव गेला. त्यानंतर जे झाले ते कोणाच्याच अपेक्षेत नव्हते. पास्पॅलम नावाचे पाण्यात पसरणारे गवत, जे म्हशी खाऊन आटोक्यात ठेवत असत, ते बेसुमार वाढले आणि उघडे पाणी झाकू लागले. बदके, माशांवर जगणारे पक्षी आणि चिखलात कंद शोधणारे पक्षी, सगळ्यांचीच अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे दिसून आले की म्हशी या त्या परिसंस्थेचाच एक भाग बनलेल्या होत्या.

मी पाणथळ जागांवर बऱ्याच वर्षांपासून नोंदी करतो. नवा गट आला की त्याची पहिली मागणी बहुधा 'कुंपण घाला आणि लोकांना आत येऊ देऊ नका' अशी असते, आणि प्रत्येक वेळी मला भरतपूरच्या त्या म्हशी आठवतात. आधी एक पूर्ण वर्ष नुसते पाहावे. कोण येते, कोणत्या महिन्यात येते, पाणी कधी ओसरते, ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात कोण पेरणी करते, मासेमार जाळी कोठे टाकतात, हे लिहून काढावे. धरणांच्या जलाशयांत उन्हाळ्यात पाणी उतरले की वाळूच्या आणि खडकांच्या बेटांवर नदी सुरय हे पाणपक्षी अंडी घालतात. तेथे धोका बहुधा मासेमाराचा नसतो, तर पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडले गेले की चालत येणाऱ्या भटक्या कुत्र्यांचा असतो, किंवा अचानक वाढलेल्या पाण्याचा. त्या बेटांची रोजची खबर मासेमाराकडे असते. त्यालाच बाहेर ठेवले तर आपल्याला उरते ती फक्त दुर्बीण.

शेवंती_ग

आपण सर्वांनी फार अभ्यासपूर्ण लिहिले आहे, पण पाण्याच्या भांड्यांची एवढी हेटाळणी मला पटली नाही. माझ्या वर्गातील मुलांनी पक्षी ओळखायला सुरुवात केली ती खिडकीतल्या भांड्यापासून. ज्या मुलाने बुलबुलाला पाणी पिताना पाहिले नाही त्याला धाविकेचे दुःख कसे कळणार? पहिली पायरी लहान असली म्हणून ती पायरी नव्हे असे म्हणू नये.

माळटिटवी

शेवंतीताई, हेटाळणीचा हेतू नव्हता. आपला मुद्दा मान्य आहे. आमची अडचण एवढीच, की आम्ही त्या पहिल्या पायरीवर 8 वर्षे उभे आहोत.

अभ्यासक_७

भांडी ठेवणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. भांडे उथळ असावे आणि रोज घासून पाणी बदलावे. ब्रिटनमध्ये 2005-06 पासून ग्रीनफिंच या पक्ष्याच्या संख्येत जी मोठी घसरण झाली तिचे कारण ट्रायकोमोनोसिस हा रोग होता, आणि एकाच खाद्यपात्रावर किंवा पाणवठ्यावर अनेक पक्ष्यांची गर्दी होणे हा त्याच्या प्रसाराचा एक मार्ग मानला जातो. अस्वच्छ भांड्यापेक्षा भांडे नसलेले बरे.

पेट्यांबद्दलही थोडे. पेटी फक्त ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात राहणाऱ्या जातींच्या उपयोगाची असते. बाकीच्यांना झुडूप, काटेरी कुंपण, बाभूळ, बोरू किंवा नुसती जमीन लागते. तांबट आणि सुतार हे तर स्वतःची ढोली स्वतः कोरतात, पण त्यासाठी त्यांना वाळलेले, पोकळ होत चाललेले लाकूड लागते, आणि त्यांनी सोडलेल्या ढोल्यांत पुढे पोपट, दयाळ, पिंगळे राहतात. धोका नसलेल्या ठिकाणी एक वठलेले झाड उभे राहू देणे हे पन्नास पेट्या वाटण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरू शकते. मात्र वठलेल्या झाडाबरोबर कोणी छायाचित्र काढून घेत नाही, हे खरे.

ब्रह्मपुत्रेकाठी

मी नोकरीनिमित्त काही वर्षे आसामात होते, म्हणून हरगिलेबद्दल लिहिते. हरगिला म्हणजे मोठा क्षत्रबलाक, उंचीला जवळपास माणसाच्या खांद्याला लागणारा, टक्कल असलेला, गळ्यात पिशवी लोंबणारा पक्षी. तो मेलेली जनावरे आणि कचराभूमीवरील घाण खातो, आणि कामरूप जिल्ह्यातील दादरा, पाचरिया या भागांतील खासगी परसांतल्या उंच झाडांवर वीण करतो. ज्याच्या अंगणात झाड, त्याच्या अंगणात कुजक्या मांसाचे तुकडे, विष्ठा आणि दुर्गंधी. पक्षी अपशकुनी मानला जाई आणि लोक घरट्यांसह झाडे तोडत असत. घरट्यांसह तोडलेले असेच एक झाड पाहिल्यानंतर पूर्णिमा देवी बर्मन यांच्या कामाला दिशा मिळाली, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे.

त्यांनी गावातील स्त्रियांना गाठले. ज्या झाडांवर घरटी आहेत त्या झाडांच्या मालकांचा जाहीर सत्कार केला. विणीच्या हंगामात, जसे आपल्याकडे डोहाळजेवण होते तसा सोहळा हरगिलेसाठी सुरू केला. स्त्रिया हातमागावर गमोसा (आसामी उपरणे) आणि साड्या विणताना त्यांत हरगिलेची नक्षी घालू लागल्या आणि त्यातून थोडे उत्पन्नही मिळू लागले. झाडाखाली जाळी बांधून पडणारी पिल्ले झेलण्याची सोय केली गेली. सुरुवातीला त्या परिसरात जेमतेम 28 घरटी मोजली गेली होती, ती पुढे 200 च्या वर गेली. बर्मन यांना 2022 साली संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान मिळाला, आणि 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या पक्ष्याचा दर्जा 'संकटग्रस्त' वरून 'संकटसमीप' असा सुधारला.

मला यातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. दुर्गंधी कमी झाली नाही. पक्षी आजही तितकाच घाण करतो. फरक एवढाच पडला, की पूर्वी जी घाण झाडमालकाला एकट्याने सोसावी लागे आणि वर हसे होई, तिच्यासाठी आता गाव त्याला मान देते.

शंकासुर

अशा कथा वाचायला चांगल्या वाटतात, पण प्रत्येक कथेत एक असामान्य व्यक्ती असते आणि ती सगळीकडे मिळत नाही. दुसरे म्हणजे, जेथे पक्षी मारण्यात खरोखर पैसा आहे तेथे सत्कार आणि सोहळे कितपत पुरतील?

काठावरचा

शंकासुरांच्या दुसऱ्या प्रश्नाला नागालँडमधील पांगती हे गाव उत्तर आहे, मात्र तेही गोंडस नाही. अमूर ससाणे सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून दक्षिण आफ्रिकेकडे जाताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोयांग जलाशयाच्या परिसरात लाखोंच्या संख्येने उतरतात. 2012 साली तेथे मासेमारीची जाळी झाडांमध्ये टांगून त्यांची प्रचंड प्रमाणावर पकड होत असल्याचे जगापुढे आले. त्या एका हंगामात मारल्या गेलेल्या पक्ष्यांचे अंदाज लाखाच्या पुढचे होते. 2013 च्या हंगामात तेथे ही पकड थांबलेली होती.

एका वर्षात हे कसे घडले? सरकारी बंदी कागदावर आधीपासून होतीच. प्रत्यक्षात उपयोगी पडले ते असे, की ग्रामपरिषदांनी स्वतः ठराव केले आणि मोडणाऱ्यांना दंड ठेवला, चर्चमधून आवाहन झाले, आणि ज्यांच्या जमिनीवर पक्षी रात्री उतरतात त्या मालकांनी आपली संघटना उभी केली. 2013 मध्ये उपग्रह टॅग लावलेल्या 3 ससाण्यांची नावे 'नागा', 'वोखा' आणि 'पांगती' अशी ठेवली गेली, आणि आपल्या गावाचे नाव लावलेला पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचला हे तेथील मुलांना नकाशावर पाहता आले.

गोंडस नाही असे म्हटले ते यासाठी, की पकड थांबल्याने काही कुटुंबांचे वर्षातले एक मोठे रोख उत्पन्न गेले, आणि पर्यटनातून येणारा पैसा त्याच कुटुंबांच्या हाती पडतो असे नाही. ज्याने सोडले त्यालाच मिळाले पाहिजे, हा हिशोब जमला नाही तर ठराव टिकवणे कठीण जाते. असामान्य व्यक्तीबद्दल बोलायचे तर पांगतीत मला एका व्यक्तीपेक्षा गावसंस्थांचा निर्णय मोठा दिसतो.

कुसळी

कर्नाटकातील कोक्करे बेल्लूरचाही उल्लेख व्हावा. तेथे झोळीवाले पाणकोळी आणि चित्रबलाक गावातल्या चिंचेच्या व इतर झाडांवर वीण करतात. घरट्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते, पण विष्ठेचे खत शेताला मिळते, आणि झाडमालकांना नुकसानभरपाई देण्याची व्यवस्थाही केली गेली. 2007 साली त्याला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. गाव मात्र पक्ष्यांना त्यापूर्वी कितीतरी पिढ्या सांभाळत आले होते.

कलम_आणि_पोटकलम

दर्जाचा विषय निघालाच आहे तर थोडे कायद्याबद्दल लिहितो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये 2002 साली झालेल्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव' आणि 'सामुदायिक राखीव' अशा दोन नव्या तरतुदी आल्या. पहिली सरकारी जमिनीसाठी आहे, दुसरी खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी, आणि तिच्या व्यवस्थापन समितीत स्थानिक प्रतिनिधी असतात. जैवविविधता अधिनियम 2002 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात गेलेली असते. आपल्या गटाच्या माळावरच्या जुन्या नोंदी त्या वहीत शिरल्या, तर उद्या तेथे एखादा प्रकल्प किंवा वृक्षलागवड येते तेव्हा 'ही जागा पडीक नाही' असे म्हणायला कागद हाती राहतो. सामान्य गटाला सहज करता येण्यासारखे आणि जवळपास कोणीच न केलेले काम, असे मी याला म्हणेन.

मात्र स्थानिक प्रयत्नांच्या मर्यादाही मान्य कराव्यात. 1990 च्या दशकात आपल्याकडील गिधाडे 95 टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली ती कोणी घरटी तोडली म्हणून नव्हे, तर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. औषध दिलेले जनावर मेल्यावर ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. हे 2004 मध्ये सिद्ध झाले, 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जातच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपीचा आकार 3 मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला. असा निर्णय कोणतेही एक गाव घेऊ शकत नाही. गावाला करता येते ते इतकेच, की आपल्या पशुवैद्याशी बोलून त्याऐवजी गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम हे औषध वापरण्याचा आग्रह धरणे.

शेवंती_ग

एक छोटी शंका. मुले जमिनीवर पडलेली पिल्ले घेऊन येतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे खरे आहे का?

अभ्यासक_७

नाही, तो गैरसमज आहे. पंख फुटलेले, उड्या मारणारे पिल्लू बहुतेक वेळा हरवलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपासच असतात. मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवून लांब व्हावे. अजिबात पिसे नसलेले पिल्लू असेल आणि घरटे दिसत असेल तर परत ठेवावे. घरी नेऊन पाळणे पिल्लाच्या हिताचे नाही आणि रानपक्षी बाळगणे कायद्यानेही गुन्हा आहे.

याच ओघात सांगतो, घरट्यांची छायाचित्रे नेमक्या ठिकाणासह प्रसिद्ध करू नयेत. जमिनीवरच्या घरट्याकडे 10 माणसे पाठोपाठ गेली की गवतात पायवाट पडते आणि त्याच वाटेने मुंगूस जाते. ईबर्डसारख्या पक्षीनोंदींच्या ऑनलाइन संचातही संवेदनशील जातींची ठिकाणे लोकांपासून झाकलेली असतात, ती उगाच नव्हे. आणि नोंद करताना 'काही दिसले नाही' हीसुद्धा वेळेसह लिहावी. दहा वर्षांनी घट सिद्ध करायची वेळ येते तेव्हा त्या रिकाम्या नोंदीच कामी येतात.

माळटिटवी

सर्वांचे मनापासून आभार. काल आमच्या गटाची बैठक झाली आणि हा धागा मी तेथे वाचून दाखवला. थोडे वादही झाले. ज्यांनी रोपे लावली, उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी वाहिले, त्यांना ती काढून दुसरीकडे हलवा असे सांगणे सोपे नव्हते. अखेर असे ठरले, की जगलेली रोपे पावसाळ्यात ओढ्याच्या काठाला हलवायची, खड्डे बुजवायचे आणि पुढचे एक वर्ष माळावर काहीही 'करायचे' नाही, फक्त दर पंधरवड्याला ठरलेल्या वाटेने चालून नोंदी घ्यायच्या. काठावरचा यांची सूचना आम्ही शब्दशः घेतली आहे.

पुढच्या आठवड्यात माळावर मेंढ्या आणणाऱ्या दोन कुटुंबांना भेटायला जाणार आहोत. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदाने सांगितले, की वृक्षलागवडीच्या वेळी त्यांच्यापैकी एक आजी आमच्याकडे येऊन 'इथे पाखरं अंडी घालतात' असे म्हणाल्या होत्या आणि आम्ही त्यांना वृक्षलागवडीचे महत्त्व समजावून परत पाठवले होते. त्या भेटल्या तर आधी त्यांचेच ऐकायचे आहे. कोणते प्रश्न विचारावेत हे येथे सुचवले तर बरे होईल.

कुसळी

प्रश्न कमी घेऊन जा. अंडी कोणत्या महिन्यात दिसतात, कोणत्या तुकड्यावर दिसतात आणि त्या दिवसांत मेंढ्या कोठे नेता येतील, एवढे तीन पुरेत. आणि जमल्यास पहाटे जा, मेंढ्या बाहेर पडण्याआधी.